कोय आणि कलम : आंब्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

आंब्याचा विचार मराठी वाचकाच्या मनात बहुधा हापूसपाशी सुरू होतो आणि हापूसपाशीच संपतो. चैत्र-वैशाखातील बाजार, पेट्यांचे भाव, देवगड श्रेष्ठ की रत्नागिरी हा वाद आणि मृगाचा पाऊस पडताच होणारी हळहळ एवढ्या परिघात हा विषय बसवला जातो. त्यामुळे या वृक्षाचा वंश कोणता, तो माणसाच्या सहवासात कसा आला, त्याची लागवड कोणत्या रीतींनी झाली आणि त्या रीतींनी येथील आचाराला, शिल्पाला, राज्यकारभाराला व स्वयंपाकाला कोणते वळण दिले, हे प्रश्न बाजूला पडतात. वास्तविक हापूस ही आंब्याच्या इतिहासातील फार उशिराची, गेल्या चार-पाच शतकांतली घटना आहे. त्यापूर्वी काही हजार वर्षे भारतातील आंबा मुख्यतः कोयीपासून वाढत आला. कोयीतून उगवलेले झाड आपल्या आईसारखे फळ देईलच असे नसते, म्हणून कोकणात व देशावर ज्याला रायवळ म्हणतात त्या आंब्याचे प्रत्येक झाड चवीने, आकाराने, गंधाने व पिकण्याच्या काळाने वेगळे असते. कलमाची गोष्ट नेमकी उलट आहे. एका आवडलेल्या झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधून तेच झाड पुन्हा पुन्हा उभे करणे म्हणजे कलम होय. कोय विविधता निर्माण करते आणि कलम निवड टिकवते. या दोन रीतींच्या परस्परसंबंधातून आंब्याचा इतिहास घडला आहे, आणि तो संबंध आज एका बाजूला धोकादायकरीत्या झुकला आहे, ही या विवेचनामागची भूमिका आहे.

वनस्पतिशास्त्रात आंब्याला मॅंजिफेरा इंडिका असे नाव असून लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने ते १७५३ मध्ये दिले. ज्या कुळात आंबा मोडतो त्या भल्लातक कुळाचे, म्हणजेच ॲनाकार्डिएसीचे, नावच बिब्ब्यावरून पडले आहे, आणि काजू, चारोळी, पिस्ता व अंबाडा ही त्याच कुळातील इतर परिचित झाडे होत. या नातलगांमध्ये एक समान गुण आढळतो, तो म्हणजे त्वचेला दाह करणारा रस. बिब्ब्याचे तेल अंगावर उतते, काजूच्या टरफलातील तेलाने हात सोलवटतात आणि आंब्याचा देठ तुटताच उडणारा चीक ओठांना व गालांना फोड आणतो. हाच चीक सालीवर ओघळला तर फळावर काळे डाग पडतात, म्हणून जाणता बागायतदार आंबा देठासह उतरवतो. शास्त्रीय परिभाषेत निकट संबंध असलेल्या जातींच्या समूहाला प्रजाती म्हणतात. मॅंजिफेरा या प्रजातीचा सविस्तर अभ्यास कोस्टरमन्स आणि बोम्पार यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यांनी तीत ६९ जाती मानल्या. त्यांपैकी बहुसंख्य जाती मलाया द्वीपकल्प, बोर्निओ आणि सुमात्रा येथील सदाहरित जंगलांत वाढतात. हापूस, पायरी, लंगडा, दशहरी, तोतापुरी, नीलम या सर्व आंब्यांची मात्र जाती एकच आहे. त्यांना जाती न म्हणता वाण म्हणणे शास्त्राला धरून होईल.

प्रजातीचे सर्वाधिक वैविध्य आग्नेय आशियात आणि लागवडीच्या आंब्याचे सर्वाधिक वैविध्य भारतात, या विसंगतीमुळे आंब्याच्या मूलस्थानाचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत राहिला. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंब्याची लागवड सुमारे चार हजार वर्षांची असावी असा अंदाज केला होता, तर रशियन शास्त्रज्ञ वाविलोव यांनी भारत-ब्रह्मदेशाच्या पट्ट्याकडे बोट दाखवले. ईशान्य भारतातील जंगलांत आजही आंब्याचे रानटी नातलग सापडतात, त्यामुळे या मताला बळ मिळते. मेघालयातील दमलगिरी येथे सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आंब्याच्या पानांशी जवळचे साम्य असलेली अश्मीभूत पाने मिळाली, आणि लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या संशोधकांनी त्यांचे नामकरण इओमँजिफेरोफायलम दमलगिरिएन्सिस असे केले. हा पुरावा मोलाचा असला तरी त्यावरून प्रजातीच्या प्राचीन पूर्वजांविषयीच अनुमान करता येते. माणसाने आंबा केव्हा लावला याविषयी त्यातून काहीही कळत नाही, आणि तसा अर्थ काढण्याचा मोह टाळला पाहिजे. जनुकीय अभ्यासाने हा प्रश्न अलीकडे आणखी गुंतागुंतीचा केला आहे. २०१९ मध्ये वार्शेफ्स्की आणि फॉन वेटबर्ग यांनी जगभरच्या आंब्यांच्या जनुकीय वैविध्याची तुलना केली, तेव्हा आग्नेय आशियातील आंबे हे भारतातून नेलेल्या मूठभर झाडांची संतती असल्याची अपेक्षित खूण मिळाली नाही. तेथील वैविध्य स्वतंत्र आणि समृद्ध निघाले. भारतात एकदाच लागवडीखाली येऊन आंबा सर्वत्र पसरला, ही सरळ रेषेतली कथा त्यामुळे अपुरी ठरते.

या दोन प्रदेशांतील आंब्यांत एक मूलभूत फरक कोयीतच आहे. भारतातील बहुतेक वाण एकभ्रूणी आहेत, म्हणजे त्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागणातून, दोन झाडांच्या गुणांच्या मिश्रणातून तयार होतो. आग्नेय आशियातील पुष्कळ वाण बहुभ्रूणी आहेत. त्यांच्या एका कोयीतून अनेक रोपे उगवतात आणि त्यांतील बहुतेक रोपे बीजांडाच्या आतल्या ऊतीपासून, म्हणजे निव्वळ आईच्या शरीरापासून तयार झालेली असल्याने ती हुबेहूब मातृवृक्षासारखी निघतात. त्या प्रदेशातील लोकांना चांगला आंबा टिकवण्यासाठी कलमाची तितकीशी गरज पडली नाही, कारण कोयच कलमाचे काम करत होती. भारतात तसे घडले नाही. येथे आवडलेल्या आंब्याची कोय पुरली तरी वेगळेच फळ पदरात पडे, आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या या अनिश्चिततेतूनच या देशात आंब्याचे अपार वैविध्य साठत गेले. केरळ व कोकणपट्टीसारख्या पश्चिम किनाऱ्यावरील काही भागांत बहुभ्रूणी आंबेही आहेत. ओलूर आणि चंद्रकारन ही त्यांची ठळक नावे होत.

आंब्याचा वृक्ष सदाहरित असून शंभर वर्षांहून अधिक काळ जगतो. त्याला वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा पालवी फुटते, आणि ती सुरुवातीला तांबूस-जांभळी दिसून हळूहळू हिरवी होते. मोहोर मात्र जून झालेल्या काडीच्या टोकालाच येतो आणि त्यासाठी कोरडी हवा व रात्रीची थंडी लागते. कोकणात थंडी लांबली की मोहोर लांबतो, आणि तो लांबला की पुढचे सारे वेळापत्रक कोलमडते, याचे कारण हेच होय. मोहोराच्या एका तुऱ्यावर हजारो फुले असतात. त्यांतील बरीच केवळ पुंपुष्पे असतात, म्हणजे त्यांत स्त्रीकेसर नसतो. उरलेली द्विलिंगी असतात, पण त्यांतही पाच पुंकेसरांपैकी बहुधा एकच परागकण देतो. माश्या आणि मधमाश्या हे परागण करतात. एवढ्या मोठ्या तयारीतून काढणीपर्यंत टिकणारी फळे हजार फुलांमागे एखादेच इतकी थोडी असतात. हापूससारख्या अनेक वाणांत स्वतःच्याच परागकणांनी फळधारणा फार कमी होते, म्हणून निव्वळ एका वाणाच्या बागेत इतर वाणांची काही झाडे राखावीत असा सल्ला कृषिशास्त्रज्ञ देतात. पूर्वी हे काम बांधावरचा रायवळ कोणी न सांगता करत असे.

फळ अश्मगर्भी आहे, म्हणजे त्याच्या आवरणाचे तीन थर असतात: बाहेरची साल, मधला खाण्याचा गर आणि आतील कठीण कवच. या कवचालाच, आतल्या बीजासह, कोय किंवा बाठ म्हणतात. झाडावरून उतरवल्यानंतरही आंबा पिकतो, कारण फळ स्वतःच इथिलीन नावाचा वायू तयार करून पिकण्याची क्रिया पुढे नेते. भाताच्या पेंढ्यात घातलेली आढी ही या वायूला व उबेला कोंडून धरण्याची जुनी आणि शास्त्रशुद्ध पद्धत आहे, आणि कॅल्शियम कार्बाइडची पूड टाकून रंग आणण्याच्या आजच्या घाईला, जिच्यावर कायद्याने बंदी आहे, ती सर्वार्थाने सरस ठरते. फळातील बीजाविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. भात, गहू किंवा तूर यांचे बियाणे वाळवून वर्षानुवर्षे साठवता येते. आंब्याचे बीज वाळले की मरते, आणि काही आठवड्यांतच त्याची उगवण्याची शक्ती जाते. त्यामुळे आंब्याचे वैविध्य शीतगृहातील पाकिटांत बंद करून ठेवण्याची सोय नाही. जे जपायचे ते उभ्या झाडाच्या रूपाने, जमिनीतच जपावे लागते.

साहित्य, शिल्प आणि धर्माचार यांत आंब्याचे जे स्थान आहे ते त्याच्या या स्वभावाशी जोडून पाहिले तर अधिक अर्थपूर्ण वाटते. बृहदारण्यक उपनिषदात मरणसमयी शरीरापासून सुटणाऱ्या आत्म्याला देठातून सुटणाऱ्या पक्व फळाची उपमा दिली असून त्यात उंबर व पिंपळ यांच्याबरोबर आंब्याचा उल्लेख येतो. झाडावर पूर्ण पिकून आपोआप गळणाऱ्या आंब्याचे हे निरीक्षण आहे. सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात रस्त्यांच्या कडेला वड लावल्याचे आणि आमराया उभारल्याचे नोंदवले आहे, आणि त्याच्या राणीच्या नावे असलेल्या लेखात दानांमध्ये आमराईचा निर्देश आहे. आमराई ही दान देण्याजोगी मालमत्ता होती, ही गोष्ट बौद्ध परंपरेतूनही दिसते: वैशालीच्या आम्रपालीने बुद्धाला व संघाला आपली आमराई अर्पण केली आणि राजगृहात वैद्य जीवकाची आमराई भिक्षूंचा निवास झाली. सांचीच्या महास्तूपाच्या पूर्व तोरणावरील शालभंजिका फळांनी लगडलेल्या आंब्याच्या फांदीला बिलगून उभी आहे. शिल्पकाराने पाने आणि घोस इतक्या बारकाईने कोरले आहेत की झाड ओळखण्यात शंका राहत नाही. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर वेरूळच्या बत्तिसाव्या, इंद्रसभा या नावाने प्रसिद्ध असलेल्या जैन लेण्यातील अंबिका यक्षीची मूर्ती अभ्यासकाने आवर्जून पाहावी. ही नेमिनाथ तीर्थंकरांची शासनदेवता होय, आणि आम्रवृक्ष हे तिचे ठरलेले लक्षण आहे. वेरूळला ती घनदाट आंब्याखाली सिंहावर बसलेली आहे.

संस्कृत काव्याने फळापेक्षा मोहोरावर अधिक प्रेम केले, आणि हा फरक लक्षणीय आहे. मदनाच्या पाच बाणांत आम्रमंजरी आहे, फळ नाही. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात पश्चात्तापदग्ध दुष्यंताने वसंतोत्सव बंद केलेला असताना दोन दासी आंब्याचा पहिला मोहोर खुडून मदनाला वाहू पाहतात, आणि त्या छोट्या प्रसंगातून कालिदास राजाच्या दुःखाची व्याप्ती दाखवतो. मेघदूतातील आम्रकूट पर्वत मात्र पक्व आंब्यांनी पिवळसर झालेला आहे. अमरकोशात आंब्याच्या पर्यायी नावांमध्ये अतिसुगंधी आंब्यासाठी सहकार हे स्वतंत्र नाव आहे. झाडागणिक गंध बदलतो याची जाण कोशकाराला होती.

मराठी घराचा आचार मात्र पान, मोहोर, कैरी आणि पिकलेले फळ या चारही अवस्थांना सामावून घेतो. दारावरच्या तोरणाला व कलशावर आंब्याचीच पाने लागतात, आणि लग्नाच्या मुहूर्तमेढीला आंब्याची डहाळी बांधतात. बारमाही हिरवे राहणारे आणि तोडल्यावरही लवकर न कोमेजणारे हे पान त्या कामास योग्यच आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीत कैरी किसून केलेली आंब्याची डाळ आणि पन्हे देतात, म्हणजे कैरीचा मान चैत्राला आहे. पिकलेल्या आंब्याचा मान अक्षय्य तृतीयेचा. या दिवशी पितरांना आंबा अर्पण केल्याशिवाय घरात तो खायचा नाही, ही रीत पुष्कळ कुटुंबांत अजून पाळली जाते. या रीतीमागे श्रद्धा आहेच. परंतु फळ पुरते जून होण्यापूर्वी झाडाला हात लावू नये, असा शहाणपणाचा संयमही तीत आहे, आणि फेब्रुवारीतच कोवळा आंबा बाजारात आणण्याची आजची स्पर्धा पाहता त्या संयमाची किंमत अधिकच जाणवते. पैठणीच्या पदरावर आणि दागिन्यांवर दिसणारी कुयरी, तसेच हळदीकुंकवाचा तिच्याच आकाराचा करंडा, हेही मराठी माणसाने आंब्याशी जोडलेले आहेत. या आकृतीचे इराणी व काश्मिरी नक्षीशी असलेले नाते हा वेगळ्या अभ्यासाचा विषय होईल.

या सर्व उल्लेखांहून एक मराठी दस्तऐवज आंब्याच्या संदर्भात अधिक महत्त्वाचा मानावा लागतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आणि १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार करताना आंबा व फणस यांचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. ही लाकडेही जहाजबांधणीस उपयोगी आहेत, हे मान्य करून त्यांना हात लावू देऊ नये असे तेथे बजावले आहे. त्याची कारणे दिली आहेत ती अशी: ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत; रयतेने ती लेकराप्रमाणे दीर्घकाळ जतन करून वाढवलेली असतात; ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहणार नाही. एखादे झाड अगदीच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तरच धन्याला राजी करून, मोबदला देऊन ते तोडावे, बलात्कार सर्वथा करू नये, असे त्याचे तात्पर्य आहे. या उताऱ्याकडे पर्यावरणविषयक जागृतीचा पुरावा म्हणून नेहमी बोट दाखवले जाते, आणि ते योग्यही आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट दडली आहे. येथे अभिप्रेत असलेला आंबा बहुतांशी कोयीचा, म्हणजे फळाला येण्यास आठ-दहा वर्षे घेणारा आणि उंच वाढून नातवंडांना फळ देणारा वृक्ष आहे. ज्याची दुसरी प्रत काढता येत नाही अशी ही वस्तू होती. राज्यकर्त्याने तिचे मोल लाकडाच्या भावाने न करता ती वाढवणाऱ्याच्या जिव्हाळ्याने केले, यात त्या शासनाची थोरवी आहे.

कलमाचा इतिहास भारतात समजला जातो त्याहून जुना आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात एका झाडाची फांदी दुसऱ्याच्या खोडावर किंवा मुळावर बसवण्याची रीत सांगितली असून त्यासाठी योग्य अशा झाडांत फणस, जांभूळ, डाळिंब व द्राक्ष यांची नावे आहेत. आंब्याचे नाव मात्र त्या यादीत नाही. आंब्याच्या कलमांचा पद्धतशीर प्रसार पश्चिम किनाऱ्यावर झाला तो १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यानंतर, आणि त्याचे श्रेय सामान्यतः तेथील जेझुइट पाद्र्यांना दिले जाते. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथात आंब्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ओर्ताकडे मुंबई बेट खंडाने होते आणि तेथील वर्षातून दोनदा फळणाऱ्या एका आंब्याचा त्याने उल्लेख केला आहे. त्याआधी तीन-साडेतीन दशके बाबराने आपल्या आत्मचरित्रात आंबा खाण्याच्या दोन तऱ्हा नोंदवल्या: एक दाबून, मऊ करून, छिद्रातून चोखण्याची आणि दुसरी साल काढून खाण्याची. हा भेद पुढील इतिहासाच्या दृष्टीने सूचक आहे. रायवळ आंबे बहुधा पातळ रसाचे, धाग्याचे, म्हणजे चोखायचे असतात. युरोपीय जेवणाच्या टेबलावर काप करून खाण्याजोगा, घट्ट व रेषाविरहित गराचा आंबा हवा होता, आणि गोव्यातील निवड त्या दिशेने झाली. अफोंसो द आल्बुकर्क याच्या नावाशी जोडला जाणारा आफोंस किंवा हापूस, तसेच फर्नांदिन, मुसराद, मानकुराद हे वाण या निवडीची फळे होत. गोमंतकीयांची पहिली पसंती आजही मानकुरादला आहे, आणि २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हापूसच्या सर्वश्रेष्ठत्वाविषयी निःशंक असणाऱ्या मराठी वाचकाने हा मतभेद आदराने ऐकावा.

पोर्तुगीज जहाजांनी आंबा आफ्रिकेत आणि पुढे ब्राझीलमध्ये नेला, स्पॅनिश जहाजांनी फिलिपाइन्समधील आंबा मेक्सिकोत नेला. कोयीचे आयुष्य अल्प असल्याने हा प्रवास अनेकदा फसला आणि रोपे नेण्यावर भर द्यावा लागला. अमेरिकेतील फ्लोरिडात १८८९ मध्ये भारतातून मुळगोबा या वाणाची कलमे गेली. त्याच्या कोयीपासून विसाव्या शतकाच्या आरंभी हेडन हे झाड निघाले आणि आज जगाच्या बाजारात विकला जाणारा टॉमी ॲटकिन्स हा हेडनचाच वंशज आहे. कलमाने नेलेला वाण परदेशात कोयीतून बदलला आणि त्या बदलातून नवा व्यापार उभा राहिला, हे येथे विसरता येत नाही.

कोकणातील कलमी आंब्याचा आजचा विस्तार मात्र मुख्यतः विसाव्या शतकाच्या अखेरचा आहे. रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड १९९० मध्ये घातली गेली आणि त्यानंतर जांभ्या दगडाचे उघडे सडे फोडून, खड्ड्यांत माती भरून हापूसच्या बागा उभ्या राहिल्या. या कष्टांना तोड नाही, आणि त्यातून कोकणातील हजारो कुटुंबांना आधार मिळाला हेही निर्विवाद आहे. तथापि एकाच वाणावर एवढी भिस्त ठेवण्याचे परिणामही त्याच काळात स्पष्ट झाले. हापूस वर्षाआड फळणारा वाण आहे. दरवर्षी मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे झाडाची शाकीय वाढ रोखणारे रसायन मुळांशी दिले जाते; त्याचा अविचारी वापर झाडाला अकाली थकवतो. तुडतुडे, भुरी आणि फुलकिडी यांच्यासाठी फवारण्यांचा खर्च वाढत चालला आहे, आणि अवेळी पाऊस व फेब्रुवारी-मार्चमधील उष्णतेच्या लाटा यांचा फटका एकाच वेळी साऱ्या बागांना बसतो, कारण त्या साऱ्या बागा जनुकीय अर्थाने एकच झाड आहेत.

हापूसमधील साका ही विकृती या दृष्टीने अभ्यसनीय आहे. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर कोयीलगतचा गर पांढरट, आंबट आणि स्पंजासारखा निघतो, त्याला साका म्हणतात. तापलेल्या जमिनीची उष्णता हे त्याचे एक कारण सांगितले जाते. फळातील बीज झाडावरच अंकुरण्याच्या तयारीला लागून गरातील द्रव्य ओढून घेते, हे दुसरे कारण संशोधकांनी पुढे मांडले आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या दोषावर जो उपाय शोधला तो संकराचा होता. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये रत्ना हा साकाविरहित वाण आला, आणि रत्ना व हापूस यांच्या संकरातून अत्यंत पातळ कोयीचा सिंधू. म्हणजे कलमाने गाठलेल्या मर्यादेवर मात करण्यासाठी शास्त्रज्ञांना पुन्हा परागण, कोय आणि रोपांमधील निवड याच जुन्या मार्गाने जावे लागले. पुढील वाणांसाठी लागणारे उष्णता सोसण्याचे, रोगाला न बळी पडण्याचे, दरवर्षी फळण्याचे गुण ज्या साठ्यातून येणार तो साठा रायवळ झाडांचा आहे.

आणि हाच साठा झपाट्याने आटत आहे. रस्तारुंदीकरण, वीटभट्ट्यांची व फळ्यांची मागणी, आणि उंच झाडावर चढून आंबे उतरवणाऱ्या माणसांची टंचाई या तिन्ही कारणांनी रायवळ तोडला जातो. त्याच्या फळाला बाजारात भाव नसल्याने तो वाचवण्याची निकड मालकाला भासत नाही. प्रत्येक तोडीबरोबर एक चव जाते, कारण कोकणातल्या वाड्यांनी या झाडांना खोबऱ्या, शेप्या, साखऱ्या, शेंदऱ्या, केळ्या अशी नावे देऊन त्यांचे गुण नेमके ओळखले होते. शेप्याला खरोखरच शेपूचा वास असतो. स्वयंपाकघराने तर या विविधतेवर आपले शास्त्रच उभारले: लोणच्याला घट्ट, आंबट, धागा असलेली कैरी लागते, मेथांब्याला कोवळी, गुळांब्याला व साखरांब्याला बेताच्या आंबटपणाची, साठांना भरपूर रस देणारा गोड रायवळ, आणि नारळ-मोहरीच्या वाटणातल्या सासवाला आख्खेच छोटे आंबट-गोड आंबे. हापूस यांतल्या थोड्याच कामांना उपयोगी पडतो. रायवळ संपला तर हे पदार्थ नावापुरते उरतील.

हे टाळता येते, याचा दाखला शेजारच्या कर्नाटकात आहे. सह्याद्रीच्या उताराकडील नदीकाठी वाढणाऱ्या अप्पेमिडी या लोणच्याच्या आंब्याची वेगवेगळी रानझाडे तेथील शेतकऱ्यांनी नावानिशी ओळखली, त्यांच्या काड्या आणून कलमे बांधली आणि त्या आंब्याला भौगोलिक मानांकनही मिळवले. कलम हे रायवळाचे शत्रू नाही. चांगल्या रायवळाला वाचवण्याचे ते सर्वांत खात्रीचे साधन आहे, कारण बीज साठवता येत नसले तरी काडी दुसऱ्या रोपावर जगवता येते.

महाराष्ट्रातील कायदेशीर चौकटही यासाठी उपलब्ध आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला आपल्याकडील वाणाची नोंदणी करता येते. ज्या वाचकाच्या गावात, शेताच्या बांधावर किंवा आजोळच्या परसात एखादे जुने रायवळ झाड उभे असेल त्याने त्याचे स्थानिक नाव, जागा, पिकण्याचा काळ आणि फळाचे गुण या नोंदवहीत लिहवून घ्यावेत, आणि येत्या पावसाळ्यात गावच्या रोपवाटिकेकडून त्याची निदान दोन-तीन कलमे बांधून घ्यावीत. कोवळ्या रोपावर काडी बांधण्याचे हे काम जून ते ऑगस्ट या काळात उत्तम साधते.